एक डोळा झाकून बघा

या महिन्यात आलेली बरीच पत्रं साठी ओलांडलेल्या माणसांच्या मुलांनी, सुनांनी आणि नातवंडांनी लिहिलेली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच आजाराकडे आहे : वयाबरोबर डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची होणारी झीज. आम्ही डॉक्टर त्याला मॅक्युलर डीजनरेशन किंवा नुसतं 'एएमडी' म्हणतो. वडगावचं पत्र घाईचं आहे, म्हणून त्याला आधी उत्तर देते.

प्रश्न : आमचे आण्णा ६८ वर्षांचे. सगळं आयुष्य मागावर गेलं. आठ-पंधरा दिवस झाले, ताण्याचे धागे मधेच वाकडे दिसतात म्हणतात. आम्हाला वाटलं माग जुना झालाय. आता खिडकीचे गजही नागमोडी दिसतात म्हणायला लागलेत. चालण्याफिरण्याची काही अडचण नाही, खडेबाजारातून एकटे भाजी घेऊन येतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल का? दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल? (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

दिवाळीपर्यंत थांबू नका. पाकिटावर तुमचा फोन नंबर होता, म्हणून तुम्हाला हे आधीच कळवलं आहे. बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते.

नंबर वाढला की धागा पुसट दिसतो, मधेच वाकत नाही. सरळ रेघ मधोमध वाकडी दिसू लागली, की पडदा त्या जागी सपाट राहिलेला नाही असा संशय घ्यायचा. एएमडीच्या ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीला ओल धरून रंगाचा पापुद्रा फुगतो तसा पडदा फुगतो. मधुमेहाची सूज किंवा पडद्यावर धरलेलं पातळ पटल यांनीही रेघा वाकतात. त्यामुळे निदान तपासणीनंतरच होईल, पण तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी. ओल्या प्रकारात काही आठवड्यांचा उशीर झाला तरी तिथे वण पडतो, आणि वण पडलेल्या जागेची नजर परत आणणारं औषध आज कुणाकडेच नाही.

आण्णा बाजारात एकटे जातात याचं कारणही सांगते. मॅक्युला हा पडद्याच्या मध्यावरचा जेमतेम पाच मिलिमीटरचा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं तो करतो. कडेची नजर बाकीचा पडदा सांभाळतो, आणि ती या आजारात शाबूत राहते. म्हणून माणूस अडखळत नाही आणि घरच्यांना वाटतं, ठीकच तर आहे. शिवाय दोन डोळ्यांपैकी एक चांगला असला की तो दुसऱ्याची उणीव झाकतो. कित्येक रुग्ण एका डोळ्यात वण पडून गेल्यावरच माझ्याकडे येतात, कारण एक डोळा झाकून त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

आण्णांना आज जवळचा चष्मा लावायला सांगा. एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका. चौकटीच्या वहीचं पान हातभर अंतरावर धरून मधल्या एका ठिपक्याकडे बघायला सांगा. मग दुसऱ्या डोळ्यानं तेच. रेघा वाकतात का, चौकोन लहानमोठे दिसतात का, मधे डाग आहे का, ते विचारा. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी अशाच चौकटींचा तक्ता बनवला. दवाखान्यात तो मागितला तर मिळतो. तक्ता नसेल तर न्हाणीघराच्या फरशा किंवा कौलारू घरातले वासेसुद्धा चालतात.

पडद्याच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासतील आणि ओसीटी काढतील. त्यात सुई नाही, काप नाही. यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, पडद्याच्या थरांचं चित्र निघतं आणि खालचं पाणी स्पष्ट दिसतं. कधी हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून पडद्याचे फोटो घेतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका.

ओला प्रकार निघाला तर उपचार डोळ्यात इंजेक्शन देऊन होतो. हे ऐकून अनेक जण खुर्चीतून उठतात, म्हणून नीट सांगते. थेंबांनी डोळा बधिर करतात, आयोडीनच्या द्रावणानं धुतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावतात. मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, बारीक सुईनं औषध आत जातं. टोचायला काही सेकंद लागतात. दाब जाणवतो, बहुतेकांना फारसं दुखत नाही.

औषधं बरीच आहेत. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आलेलं, त्याचे छोटे डोस करून डोळ्यात देतात, आणि ते सगळ्यांत स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट खास डोळ्यासाठी बनलेली, महाग. २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात बेव्हॅसिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅबचा नजरेवरचा गुण जवळपास सारखा आढळला. २०१५ पासून भारतात तयार झालेलं, मूळ औषधाशी मिळतंजुळतं रॅनिबिझुमॅबही मिळतं. मागावर पोट असलेल्या घरानं 'महाग तेच चांगलं' असं समजून कर्ज काढू नये, म्हणून हे लिहिलं. डॉक्टरांना सरळ विचारा : आमच्यासाठी स्वस्त औषध चालेल का, नसेल तर का नाही? आण्णांना हल्लीच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर तेही आधी सांगा.

इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो, तो आपोआप जातो. पण पुढच्या काही दिवसांत डोळा ठणकू लागला, लाली वाढली, उजेड सोसेना किंवा नजर आणखी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आत जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशोब असतो. सूचनांचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि घरात तो कुणाला नीट वाचता येत नसेल, तर निघण्याआधी मराठीत लिहून मागा. आम्ही देतो. मागायला संकोच करू नका.

प्रश्न : चिकोडीहून मिरजेला नेऊन आईला तीन इंजेक्शनं दिली. आता रेघा सरळ दिसतात, पेपरही वाचते. गाडीभाडं, एका माणसाची रजा, सगळं जड जातंय. थांबवलं तर?

थांबवू नका. पहिली तीन इंजेक्शनं दर महिन्याला एक अशी देतात, ती सुरुवात असते. औषध रक्तवाहिनीला गप्प बसवतं, उपटून काढत नाही. औषध ओसरलं की ती पुन्हा झिरपते, आणि पाणी परत आल्याचं आईला कळायच्या आधी ओसीटीत दिसतं. त्याऐवजी डॉक्टरांशी अंतर वाढवण्याचं बोला. पडदा कोरडा राहिला तर चार आठवड्यांचे सहा, सहाचे आठ, पुढे काहींचे बारा आठवडे करता येतात. तपासणी आणि इंजेक्शन एकाच खेपेत उरका. नियमित महिन्याला इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत दहापैकी नऊहून अधिक जणांची नजर टिकून राहिली आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्याची ठळकपणे सुधारली. मधेच सोडून देणाऱ्यांना तो गुण राखता येत नाही.

प्रश्न : सासूबाईंचे दोन्ही मोतीबिंदू काढले. वर्ष झालं, तरी पोथीतली अक्षरं मधली मधली गळतात. त्या म्हणतात ऑपरेशन बिघडलं. आता एका डॉक्टरांनी 'कोरडा मॅक्युला' सांगितलंय. बाजारातून कुठले थेंब आणू? त्यांनी जन्मभर विड्या वळल्या, मिश्री लावतात. सासरे विडी ओढायचे, आता आमचे हे ओढतात. (निपाणी)

ऑपरेशन बिघडलं असं यावरून म्हणता येणार नाही. मोतीबिंदू भिंगाचा, हा आजार पडद्याचा. नवं भिंग स्वच्छ असलं तरी मागचा पडदा झिजलेला असेल तर मधली अक्षरं गळणारच. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पडदा तपासून 'किती फरक पडेल' हे सांगायला हवं होतं, आणि तुम्हीही ते पुढच्या वेळी कुणाच्याही बाबतीत विचारा.

कोरडा प्रकार जास्त आढळतो आणि सावकाश चालतो. पडद्याखाली पिवळसर ठिपके साठतात, पुढे मधल्या पेशी विरत जातात. यावर एकही थेंब नाही. जाहिरातीतले मध, अर्क, 'चष्मा घालवणारे' थेंब आणू नका. त्या पैशात पांढऱ्या उजेडाचा टेबलदिवा येईल, आणि तो पोथीवर जवळून पडला की सासूबाईंना लगेच फरक कळेल. हातातलं भिंग, मोठ्या अक्षरांची पोथी, मोबाइलवर अक्षरं वाढवणं, हेही करून बघा.

आजार मध्यम टप्प्यावर असेल तर ठराविक प्रमाणातल्या गोळ्यांचा उपयोग आहे : क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, ल्युटीन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ मिलिग्रॅम, सोबत जस्त आणि तांबं. २००१ साली अमेरिकेतल्या अभ्यासात अशा गोळ्यांनी पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे पाव हिश्श्यानं कमी झाला. २०१३ साली त्यातलं बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन घातलं गेलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीननं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बाटलीवर बीटा कॅरोटीन लिहिलेलं असेल तर ती घेऊ नका. सुरुवातीच्या टप्प्यात या गोळ्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून टप्पा विचारूनच सुरू करा. अगदी पुढे गेलेल्या कोरड्या प्रकारासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली, पण ती झीज मंदावतात, गेलेली नजर देत नाहीत.

आता विडी. निपाणीच्या माणसांना तंबाखूवर बोलणं मला जड जातं. त्या पिकावर आणि त्या कारखान्यांवर तुमची घरं उभी राहिली, बायकांच्या बोटांची कातडी गेली. तरीही सांगते. या आजाराची बदलता येण्यासारखी जी कारणं आहेत त्यांत धूम्रपान पहिलं आहे. ओढणाऱ्याला धोका दुप्पट ते चौपट असतो. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. मिश्री सासूबाईंच्या तोंडाला वाईट आहे, तेवढ्यासाठीही ती सुटावी.

प्रश्न : आजी ८४ वर्षांची, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. संध्याकाळी तिला अंगणात परकरातल्या मुली, फुलांचे वेल, कधी अनोळखी माणसं दिसतात. आवाज नाही. बाकी बोलणं चोख, सगळ्यांची नावं पाठ. गावात बाहेरचं झालंय म्हणतात, देवऋषीही झाला. (खानापूर तालुका)

तुम्ही हे लिहिलंत म्हणून मी तुमचे आभार मानते. अशा अनेक आज्या वेड लागलं म्हणतील या भीतीनं गप्प बसतात. हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. डोळ्यांकडून येणारी चित्रं कमी झाली की मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो. चार्ल्स बॉनेट यांनी १७६० साली आपल्या दृष्टी गेलेल्या आजोबांबद्दल हेच नोंदवलं, म्हणून त्यांच्या नावानं हे ओळखलं जातं.

आजीच्या शेजारी बसून विचारा, काय दिसतंय? 'काही नाहीये तिथे' म्हणून झिडकारू नका. संध्याकाळी दिवा लवकर लावा. मुली दिसल्या की डोळे मिटून उघडायला सांगा, मान न हलवता नजर उजवीकडे-डावीकडे फिरवायला सांगा. पुष्कळदा चित्र विरतं. महिने जातात तसं बऱ्याच जणांचं प्रमाण कमी होतं. पण आवाज ऐकू येऊ लागले, ती चित्रं खरीच आहेत असं आजीला वाटू लागलं, किंवा ती घाबरी-गोंधळलेली दिसली, तर फिजिशियनला दाखवा. सध्या चालू असलेल्या गोळ्यांचा डबाही सोबत न्या.

प्रश्न : आईला हा आजार आहे. मी ५२ वर्षांची. मला होईल का? (अथणी)

होईलच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तुमच्या भावंडांनाही. मेथी, पालक, शेपू, चाकवत, मक्याची कणसं, चालत असेल तर अंडं आणि मासे, हे जेवणात असू द्या. रक्तदाब आवरा. दर आठवड्याला एकेक डोळा झाकून चौकटी बघा. पडद्याची तपासणी आताच एकदा करून घ्या. येताना आईचे ओसीटीचे कागद आणा, आणि बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा परतताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या.