पोती मोजणारे अध्यक्ष

“शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रोजच्या कामात ढवळाढवळ करतात, त्यांना थांबवावे की सहन करावे?” मुख्याध्यापकांच्या तोंडून मी हा प्रश्न वारंवार ऐकतो. जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका तो घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या हातात शिक्षण हक्क कायद्याची प्रतच होती. (ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.) अध्यक्ष पोषण आहाराच्या खोलीत जाऊन तांदळाची पोती मोजत आणि तास चालू असताना वर्गाच्या दारात उभे राहून शिक्षकांना जाब विचारत. त्यांचे अधिकार कुठे संपतात, एवढेच बाईंना माझ्याकडून लिहून हवे होते.

२००९ च्या त्या कायद्याचे कलम २१ आम्ही एकत्र वाचले. शाळेच्या कामकाजावर आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे समितीचे कामच आहे, आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात ते याचसाठी. तास मोडणे चूक होते; तांदळाबद्दल विचारणे मात्र चूक नव्हते. बाईंना हे रुचले नाही, आणि त्यांची नाराजी मला समजत होती, कारण वर्ग, टपाल, ऑनलाइन माहिती आणि आहाराचा हिशेब त्या एकट्या सांभाळत होत्या.

मी इतिवृत्ताची वही मागितली. वर्षभराच्या सभांचे विषय जवळजवळ सारखेच होते, आणि बहुतेक सह्या सभेत न होता घरोघरी वही पाठवून घेतल्या होत्या. मग मूळ प्रसंग बाहेर आला. शेजारच्या शाळेचा पुरवठा लांबला म्हणून बाईंनी दोन पोती तांदूळ उसना दिला होता. मुले उपाशी राहू नयेत हा त्यांचा हेतू निर्मळ होता. परंतु अध्यक्षांना ती गोष्ट दुसऱ्या दिवशी पारावर कळली, आणि तीही “शाळेचा तांदूळ बाहेर गेला” अशा शब्दांत. ज्याला गाव अध्यक्ष म्हणते, त्यालाच ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी पोती मोजायला सुरुवात केली.

“पण सर, मी चोरी केली नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मी म्हणालो की चोरीचा प्रश्नच नाही. मात्र माहिती तुमच्या हाती असते, म्हणून पहिले पाऊलही तुम्हीच उचलायला हवे. माझ्या मते येथे मोठेपणा आणि कमीपणा यांचा संबंध नाही. जे सकाळी गावाला कळणार आहे, ते आदल्या संध्याकाळी अध्यक्षांना फोनवर सांगावे. शिक्षकांविषयीची तक्रार त्यांनी वर्गाच्या दारात न मांडता कार्यालयात मांडावी आणि बाईंनी तिचे उत्तर आठवड्याच्या आत द्यावे. तांदूळ महिन्यातून एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, दोघांनी मिळून मोजावा आणि तेव्हा एखादी माता सदस्य सोबत असावी.

बाई अध्यक्षांच्या घरी गेल्या आणि “तुम्हाला आधी सांगायला हवे होते, भाऊ,” एवढेच बोलल्या. अध्यक्ष काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

पहिल्या मोजणीला आलेल्या माता सदस्य एरवी सभेत दाराजवळ बसून असत. त्यांनी विचारले, “उसना दिलेला तांदूळ परत आला, तो कुठे लिहिलाय?” तो कुठेच लिहिलेला नव्हता. त्याच दुपारी अध्यक्षांनी पट्टी धरली आणि बाईंनी साठा नोंदवहीत नवा रकाना आखला.