मिशनमध्ये रस्ता सोडला की ‘फेल’ का?

तू वेंगुर्ल्याहून विचारलंयस की ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ या रॉकस्टार कंपनीच्या काउबॉय गेममध्ये एवढा मुलूख मोकळा दिलाय, मग मिशनमध्ये (म्हणजे गेमनं नेमून दिलेल्या कामगिरीत) घोडा जरा आडवाटेला घातला की लगेच फेल का? बनवणारे आळशी आहेत का?

आळशी नाहीत रे, उलट मेहनत जरा जास्तच झालीय. मिशनच्या घोडेस्वारीत आर्थर (म्हणजे आपण खेळतो तो) आणि त्याच्या टोळीचा म्होरक्या डच जे बोलतात ते त्या वाटेच्या हिशोबानं लिहिलेलं, नटांनी अभिनय करून रेकॉर्ड केलेलं. पुढे दबा धरून कोण बसलाय तेही ठरलेलं. तू डोंगराला वळसा घालून मागून आलास, तर त्यासाठी वेगळे संवाद आणि वेगळं टेस्टिंग लागणार. मग सोपा उपाय म्हणजे वाटच बंद करायची.

गोष्ट ठरलेली असण्याला माझी हरकत नाही. दशावतारात राक्षस मरणार हे जत्रेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण संहिता लिहिलेली नसते. कथानक आधी ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. गेमकडून मला तेवढंच हवंय. काम झालं की नाही ते बघा, कसं केलं ते माझ्यावर सोडा.

रॉकस्टारची ही खोड जुनी आहे. त्यांच्याच 2004 च्या ‘जीटीए: सॅन अँड्रियास’मधलं ट्रेनचं मिशन आठव. बिग स्मोक या साथीदाराला मागे बसवून बाइक ट्रेनच्या बाजूनं पळवायची आणि ट्रेनवरच्या शत्रूंवर गोळ्या तो झाडणार. पुढे जाऊन रुळांवर ट्रक आडवा लावावा असं कुणालाही सुचेल, पण ट्रेन थांबतच नाही.

याच्या उलट झेल्डा मालिकेतला 2017 चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. त्यात विजेचं सर्किट जोडायचं कोडं येतं. त्यासाठी ठेवलेला धातूचा ठोकळा शोधत बसायची गरज नाही, आपल्याकडच्या तलवारी ओळीनं जमिनीवर टाकल्या तरी करंट जातो. तुझी युक्ती कुणी आधी हेरून ठेवलेली नसली तरी चालते, कारण धातूतून वीज जाते हा नियम सगळीकडे लागू आहे. वादळात तीच तलवार पाठीवर असली तर वीज तुझ्यावरच पडते! सुरुवातीचं पठार उतरलास की थेट शेवटचा शत्रू गॅनन याच्यावर चालून जायलाही मुभा आहे. (किती टिकशील ते सोड.)

याचा तोटाही आहे. डच हळूहळू कसा बिघडत जातो ते ‘रेड डेड’ जसं दाखवतो, तसं माणूस उलगडणं झेल्डाला जमलेलं नाही. शिवाय मोकळीक दिली की गोष्ट तुटूही शकते. 2002 च्या ‘मॉरोविंड’ या गेममध्ये महत्त्वाचं पात्र मारलंस तर गेम सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघड, नाहीतर या बरबाद जगात राहा. मला हे प्रामाणिक वाटतं. त्याच कंपनीच्या ‘स्कायरिम’मध्ये तशी पात्रं मरतच नाहीत, गुडघ्यावर बसतात आणि परत उठतात.

आता तुझ्या कामाचं. ‘रेड डेड’मध्ये मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही. जुलैत आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, तेव्हा इन्व्हर्टर चार्ज असल्याशिवाय मोठ्या मिशनला हात घालू नकोस. आणि दुसऱ्या चॅप्टरला पोचला असशील तर मिशन बाजूला ठेव, शिकार कर, गावांत भटक. तिथे हा गेम खरंच मोकळा आहे.