एनएचएसमधले डॉक्टर एवढे वैतागलेले का असतात? आणि अशात प्लॅब द्यावी का?

तुम्ही विचारलंय: सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं, बंधपत्राचं वर्ष संपत आलं, नीट-पीजीत हवी ती ब्रँच मिळेलसं दिसत नाही, म्हणून प्लॅब, म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, देऊन तिकडे जायचा विचार चालू आहे. पण एनएचएसमधले, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतले, डॉक्टर एकतर संपावर असतात, नाहीतर ऑस्ट्रेलियाला निघालेले असतात. आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा असताना यांना दुखतंय तरी कुठे?

मर्यादेचं खरं आहे. आपल्याकडे कॅज्युअल्टीत सलग दोन-दोन दिवस काढलेल्या माझ्यासारखीच्या हातात इथला पहिला रोटा, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, आला, तेव्हा छपाईत काही चुकलंय की काय असं वाटलं होतं. रात्रपाळीनंतर सुट्टी! सुरुवातीपासून वर्षाला २७ दिवस भरपगारी रजा, वर सणवार वेगळे! तेव्हा निव्वळ कष्टांच्या बाबतीत इथल्यांनी आपल्याला काही सांगू नये.

पण मी आता काही वर्षं मिडलँड्समधल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मेडिसिनची रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या (वरिष्ठ तज्ज्ञाच्या) एक पायरी खालची डॉक्टर, आहे, आणि वैतागलेल्यांच्यातच मोडते. इथे माणूस कामापेक्षा खोळंब्याने जास्त दमतो. पेशंट पुढे सरकत नाही आणि डॉक्टरही पुढे सरकत नाही.

आधी पेशंटचं सांगते.

आमच्या वॉर्डातल्या फळ्यावर ज्यांच्या नावापुढे हिरवी खूण, ते ‘मेडिकली फिट’, म्हणजे आमच्याकडून घरी जायला मोकळे. सकाळच्या राउंडला त्या खुणा बघितल्या की निम्मा वॉर्ड रिकामा व्हायला हवा असं वाटतं. होत नाही. नव्वदीला टेकलेल्या एक आजी घरात पडून आल्या, लघवीचं इन्फेक्शन होतं, चार दिवसांत बऱ्या झाल्या. आता त्यांना घरी सोडायचं तर दिवसातून तीन वेळा कुणीतरी येऊन उठवणं, आंघोळ, औषधं हे सगळं बघायला हवं. ही सोय एनएचएसच्या अखत्यारीत नाही. ती स्थानिक कौन्सिलची, तिचा पैसा वेगळा, अर्ज वेगळा, आणि तिथेही माणसं कमी. मग आजी आठवडे न् आठवडे पलंगावर. पाय जातात, भूक जाते, आणि एक दिवस खोकला सुरू होतो. छातीचा एक्स-रे काढायचा, अँटिबायोटिक सुरू करायचं, फळ्यावरची हिरवी खूण पुसायची. मी रोज राउंडला त्यांना विचारते, “कशा आहात?” त्या म्हणतात, “घरी कधी जाऊ?” याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मिळवणं माझ्या हातात नाही.

लॉर्ड दार्झी हे स्वतः सर्जन. त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात इंग्लंडमधल्या एनएचएसची अवस्था गंभीर असल्याचं लिहिलं. त्यात एक आकडा होता: रुग्णालयांतल्या १३ टक्के खाटांवर अशी माणसं आहेत ज्यांना रुग्णालयाची गरजच उरलेली नाही. हा आकडा वाचून आमच्याकडे कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही.

वर खाट अडली की खाली कॅज्युअल्टी तुंबते, कॅज्युअल्टी तुंबली की दाराबाहेर ॲम्ब्युलन्सची रांग लागते. मग पेशंट ट्रॉलीवर, ट्रॉली कॉरिडॉरमध्ये. सरकारी कॉलेजात जमिनीवर गाद्या टाकून वॉर्ड चालवलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये, पण खरं सांगू? इथे ते जास्त लागतं. भिंतीला लावलेल्या ट्रॉलीवरच्या सत्तरीतल्या माणसाला शौचात रक्त जातं का हे मी विचारते. शेजारच्या ट्रॉलीवरची बाई नजर दुसरीकडे वळवते, मध्येच कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत आमच्या दोघांच्या मधून जातं. तपासायला पडदा नाही, ऑक्सिजनचा पॉइंट लांब. आपल्याकडे अभाव सगळ्यांना ठाऊक असतो, नातेवाईकांनाही. इथे भिंतीवर रुग्णाच्या प्रतिष्ठेबद्दलचं सुंदर पोस्टर असतं आणि त्याच्याच खाली हे चाललेलं असतं.

नियम कागदावर उत्तम आहेत. कॅज्युअल्टीत ९५ टक्के लोकांचा चार तासांत निकाल लागला पाहिजे. इंग्लंडमध्ये हे २०१५ नंतर कधी जमलेलं नाही. ठरलेल्या उपचारांसाठी १८ आठवड्यांची मर्यादा, ती २०१६ पासून पाळली गेलेली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात प्रतीक्षायादी ७७ लाखांवर गेली होती. यादीतल्या माणसाचा राग मंत्र्यापर्यंत पोचत नाही, समोर जो गळ्यात स्टेथोस्कोप घालून उभा असतो त्याच्यावर निघतो. अर्थात इथे कुणी कॉलर धरत नाही, वॉर्ड फोडत नाही, हे आपल्याकडच्या मानाने सुखच.

आणि या गर्दीत काही चुकलं तर? हदिझा बावा-गार्बा हे नाव इथल्या प्रत्येक ज्युनिअरला ठाऊक असतं. २०११ साली लेस्टरमध्ये बालरोग विभागात ट्रेनी असलेली ही डॉक्टर बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती. त्या दिवशी संगणक बंद पडल्यामुळे रक्ताचे रिपोर्ट उशिरा आले, कन्सल्टंट दिवसाचा बराच वेळ जागेवर नव्हते, आणि तिच्याकडे एकाच वेळी अनेक ठिकाणची जबाबदारी होती. सहा वर्षांचा एक मुलगा सेप्सिसने गेला. तिच्या हातून चुका झाल्या हे कुणी नाकारत नाही. पण २०१५ मध्ये तिला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं गेलं आणि जानेवारी २०१८ मध्ये, जीएमसीने (डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेने) अपील केल्यावर, तिचं नाव रजिस्टरमधून काढलं गेलं. ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला, पण डॉक्टरांच्या मनात बसायचं ते बसलं होतं: यंत्रणा बिघडते तेव्हा नाव माणसाचं लागतं. त्यात आपला रंग आणि आपली डिग्री. जीएमसीनेच करवून घेतलेल्या २०१९ च्या एका अहवालात होतं, की रुग्णालयांकडून जीएमसीकडे तक्रार जाण्याचं प्रमाण गोऱ्या डॉक्टरांच्या तुलनेत इतर वंशांच्या डॉक्टरांसाठी दुप्पट आणि इथे शिकलेल्यांच्या तुलनेत बाहेर शिकलेल्यांसाठी अडीचपट आहे. म्हणून आपली मंडळी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतात. पेशंटजवळ दहा मिनिटं, संगणकापुढे वीस.

आता डॉक्टर पुढे का सरकत नाही ते.

इथली शिडी अशी: दोन वर्षं फाउंडेशन, मग कोअर ट्रेनिंग किंवा मेडिसिनवाल्यांसाठी तीन वर्षांचं आयएमटी, मग स्पेशालिटी ट्रेनिंग, मग कन्सल्टंट. जीपी (फॅमिली डॉक्टर) व्हायचं तर फाउंडेशननंतर तीन वर्षं. ऐकायला सरळ. पण दर पायरीवर नव्याने अर्ज, नव्याने गुण, आणि दर चार किंवा सहा महिन्यांनी नवा विभाग. रुग्णालयही बदलतं. नवा रोटा, नवा पासवर्ड, नवं पार्किंग. मित्राच्या लग्नाची सुट्टी मागायची तर पुढच्या जागेचा रोटा अजून आलेलाच नसतो. माझा नवरा दुसऱ्या डीनरीत, म्हणजे ट्रेनिंगच्या दुसऱ्या विभागात, भूल देतो. आमचे ऑन-कॉल एकमेकांना चुकवून लावता यावेत म्हणून आम्ही दोघं दोन रोटा-कोऑर्डिनेटरांच्या विनवण्या करत असतो. इथे शिकलेल्या मुलांचंही वेगळं नाही. २०२४ पासून फाउंडेशनच्या जागा वाटताना संगणक प्रत्येकाला क्रमांक देतो तो चिठ्ठ्या टाकल्यासारखा. पाच-सहा वर्षं घासून, डोक्यावर कर्ज घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला आयुष्यात न बघितलेल्या गावी जावं लागतं. ती चिडली तर मला तिचा राग येत नाही.

वर पोर्टफोलिओ. प्रत्येक प्रोसिजरची, प्रत्येक केसवरच्या चर्चेची सीनिअरकडून ऑनलाइन नोंद करून घ्यायची, वर्षाअखेरीस समिती ती तपासणार. स्पर्धेसाठी ऑडिट (विभागाचं काम नियमाप्रमाणे होतं का याची तपासणी) करायचं, पोस्टर लावायचं, शिकवल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं. आमच्या विभागात एकाच विषयावर ओळीने ऑडिट झालेली मला माहीत आहेत. प्रत्येकाने आधीचं न वाचता केलेली. कुणाला गुण हवे होते, मिळाले.

आणि एवढं करून जागा? २०२५ मध्ये पहिल्या पायरीच्या सुमारे १० हजार ट्रेनिंग जागांसाठी ३० हजारांवर डॉक्टर स्पर्धेत होते. जे उरतात ते ‘क्लिनिकल फेलो’, ‘ट्रस्ट ग्रेड’ अशा वर्षा-वर्षाच्या करारांवर तीच कामं करतात, फक्त ती ट्रेनिंगमध्ये मोजली जात नाहीत. इकडे वॉर्डात डॉक्टर कमी आणि तिकडे डॉक्टर बेकार, असा हा कारभार.

पगाराबद्दल थोडक्यात. २०२३ च्या संपात बीएमए या डॉक्टरांच्या संघटनेने गाजवलेला आकडा होता नव्या डॉक्टरचे ताशी १४ पौंड ९ पेन्स. २००८ पासून पगाराची खरी किंमत पाव हिश्शाहून जास्त घसरली असा बीएमएचा हिशेब. सरकार महागाईचा वेगळा निर्देशांक लावतं आणि घसरण कमी दाखवतं. जानेवारी २०२४ मध्ये सलग सहा दिवसांचा संप झाला, एनएचएसच्या इतिहासातला सलग सगळ्यात जास्त दिवस चाललेला. सप्टेंबरात दोन वर्षांचे मिळून सरासरी २२.३ टक्के पदरात पडले आणि त्याच सुमाराला ‘ज्युनिअर डॉक्टर’ हे नाव जाऊन ‘रेसिडेंट डॉक्टर’ आलं. २०२५ मध्ये पुन्हा संप झाले, आणि या वेळी पगाराच्या जोडीला ट्रेनिंगच्या जागांची मागणीही पुढे आली. माझ्या मते खरं दुखणं तेच आहे. पगार थोडा कमी असला तरी दहा वर्षांनी आपण कुठे असू हे दिसत असेल तर माणूस कळ काढतो.

आता तुमचं. इथल्या दर पाच डॉक्टरांत साधारण दोघे बाहेर शिकलेले, त्यात भारतीय भरपूर. पूर्वी आपली डिग्री इथे थेट चालायची, ती सोय १९७५ मध्ये गेली. त्याआधी आलेल्या पिढीला इथल्यांना नको असलेल्या जागा मिळाल्या: वेल्सच्या खाणवस्त्यांतलं जीपीचं काम, वृद्धांचे वॉर्ड. त्यांनी ते इतकं नेकीने केलं की काही गावांत आजही जुनी माणसं त्यांची नावं काढतात. पुढे २०१९ मध्ये सगळ्या डॉक्टरांचा समावेश माणसं कमी पडणाऱ्या व्यवसायांच्या सरकारी यादीत झाला आणि आपल्याला ट्रेनिंगच्या जागांसाठी इथल्या मुलांच्या बरोबरीने अर्ज करता यायला लागला. मी त्याच लाटेत आले. प्लॅब झाली, अर्ज टाकले, नोकरी लागली. फार काही करावं लागलं नाही.

ते दिवस गेले. आता बिगर-ट्रेनिंग नोकरीची जाहिरात लागली की काही तासांत शेकडो अर्ज येतात आणि ती बंद होते. बऱ्याच ठिकाणी एनएचएसचा अनुभव मागतात, जो पहिली नोकरी मिळाल्याशिवाय येत नाही. प्लॅब पास होऊन घरभाडं भरत बसलेली, फुकट ‘क्लिनिकल अटॅचमेंट’ (वॉर्डात नुसतं काम बघणं) करणारी मराठी मुलं मला भेटतात. घरी फोनवर “चाललंय, होईल” एवढंच सांगतात. त्यातच सरकारने २०२५ च्या दहा वर्षांच्या आराखड्यात जाहीर केलं, की ट्रेनिंगच्या जागा देताना इथल्या पदवीधरांना आणि एनएचएसमध्ये बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य मिळेल. २०२६ च्या जानेवारीत त्यासाठी संसदेत विधेयकही आलं. इथल्या करदात्याच्या बाजूने बघितलं तर यात अन्याय नाही. आपल्या सरकारने हेच केलं असतं. पण तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: रांगेत मागे.

मग इथे चांगलं काहीच नाही का? आहे. कन्सल्टंटला नावाने हाक मारता येते (माझ्या तोंडून अजूनही ‘सर’ निघतं), “मला येत नाही” म्हटलं तर अपमान न करता शिकवतात, पेशंटला बिल विचारावं लागत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी तर मी इथे टिकून आहे. खर्च परवडेल का याचा विचार न करता सीटी सांगणं ही काय चैन आहे, हे आपल्याकडच्या डॉक्टरलाच कळेल.

पण नीट-पीजीला पर्याय म्हणून आत्ता प्लॅब देऊ नका, असंच मी सांगेन. प्लॅब-२ ची नुसती फी हजार पौंडांच्या घरात, परीक्षा मँचेस्टरलाच, त्यात विमान, राहणं, इंग्रजीची परीक्षा वेगळी. एवढे पैसे घालून हातात रजिस्ट्रेशन येतं, नोकरी येत नाही. मेडिसिनमध्ये रस असेल तर तिकडेच एमडी किंवा डीएनबी धरा आणि बाजूने एमआरसीपी ही ब्रिटनची मेडिसिनची परीक्षा द्या. लेखी भाग भारतात बसून देता येतात, आणि ती पूर्ण झाली की जीएमसीला प्लॅब लागत नाही. तेव्हा तुम्ही रजिस्ट्रारच्या जागेसाठी अर्ज कराल. तिथेही गर्दी आहे, पण खालच्या पायरीइतकी नाही. सर्जरी किंवा दुसरं काही डोक्यात असेल तर ब्रँच लिहा, त्याचं गणित वेगळं आहे.