मेंदूला मार लागलेलं मूल वर्गात परततं तेव्हा

बी.एड.चे विद्यार्थी सरावासाठी शाळांत जाऊ लागले की मला तेच तेच प्रश्न येऊ लागतात. त्यांतले काही इथे घेतो.

प्रश्न : सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे मूल पूर्ण बरं ना?

नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो. लक्ष किती टिकतं, हे दिसत नाही.

प्रश्न : सातवीतला एक मुलगा दुचाकीवरून पडला होता. दोन महिन्यांनी शाळेत आलाय. बोलतो छान, पण दुपारनंतर काहीच लिहीत नाही. वर्गशिक्षिका म्हणतात, लाडावलाय. मी काय करू?

‘लाडावलाय’ हा शब्द आधी डोक्यातून काढा. याच शब्दापायी मुलांची वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत. त्याची वही उघडा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वहीत पहिल्या चार ओळी मोत्यासारख्या होत्या, पाचव्या ओळीपासून अक्षरं रेघ सोडून घसरलेली, आठव्या ओळीत वाक्य अर्ध्यावर तुटलेलं. टाळाटाळ करणारं मूल बहुधा पहिल्या ओळीपासूनच टाळतं. ही मुलगी थकत होती.

अपघाताआधी शिकलेलं बरंचसं शाबूत राहतं. पाढे धडाधड येतात, म्हणून सगळे निर्धास्त होतात. अडतं ते नवं शिकताना. शिवाय कपाळामागचा मेंदू विशी ओलांडेपर्यंत घडत असतो. तिसरीत बसलेल्या माराची उणीव कधी कधी आठवीत दिसते, जेव्हा अभ्यासाची आखणी स्वतः करावी लागते. तोवर अपघात कुणाच्या लक्षातही नसतो. म्हणून नव्या मुलाच्या पालकांना विचाराच : डोक्याला कधी मार लागला होता का?

अवघड विषय सकाळी घ्या, एका वेळी एकच सूचना द्या, फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी छापील कागद द्या, मध्ये दहा मिनिटं शांत बसू द्या. मात्र हे एकट्याने ठरवू नका. पालक, मुख्याध्यापक आणि त्याचे डॉक्टर यांच्याशी बोला, चेतामानसशास्त्रीय तपासणी (लक्ष, स्मरण, विचार यांच्या चाचण्या) करवून घ्या. ‘सहामाही होऊ द्या, मग बघू’ हे चालणार नाही.

प्रश्न : मैदानावर डोकं आपटलं, पण मूल म्हणतं बरं वाटतंय. खेळू द्यावं?

त्या दिवशी मुळीच नाही. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुढेही नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटका आला, तर थेट रुग्णालय. कांदा हुंगवत बसू नका.

प्रश्न : आमच्या भागात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग आहेत. अशा मुलाला फायदा होईल?

नाही. डोळ्यांवर बांधलेल्या पट्टीच्या फटीतून बघून वाचण्याला मेंदूची शक्ती म्हणून विकतात. तेच पैसे वाचा-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) लावा.

प्रश्न : दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अपघाती मेंदू-इजा त्यांत स्वतंत्रपणे नाही. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात १९९० पासून तिला स्वतंत्र नाव आहे आणि आपल्याकडेही ते हवं, असं माझं ठाम मत आहे. तोवर चालणं, बोलणं, बुद्धी यांपैकी जे बाधित असेल, त्या प्रकारात तपासणी होते. दहावीला वाढीव वेळ किंवा लेखनिक लागेल असं वाटत असेल, तर पालकांना नववीतच जिल्हा रुग्णालयात पाठवा. जानेवारीत धावपळ करून कागद वेळेवर हाती येत नाहीत.