होटनच्या बर्फातल्या मिस्सेला येताना

वसईची थंडी विसर. इथे होटनला, अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठाच्या विंटर कार्निव्हलच्या सुमारास सेंट अल्बर्ट या कॅथलिक पॅरिशची मुलं २०१६ पासून बर्फाचं चॅपल (छोटं प्रार्थनाघर) बांधतात, वेदीसकट, आणि तिथेच मिस्सा, म्हणजे चर्चचा प्रार्थनाविधी, होते. नवखे गारठतात ते बहुतेक पायांकडून.

– सुती मोजे नकोत, लोकरीचे घाल. बूट थोडे सैल घे. दोन जोड मोजे कोंबून घट्ट केलेस तर बोटं बधिर झालीच म्हणून समज.
– चॅपल बांधायला फावडं मारताना जॅकेट काढ. घामेजलेला शर्ट नंतर मिस्सेत उभं राहिल्यावर सूड उगवतो!
– कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) हातावर घेणार असशील तर पटकन निघणारे हातमोजे आण.

फोन आतल्या खिशात ठेव, बॅटरी झपाट्याने उतरते. कोरीवकाम वगैरे पुढच्या वर्षी. यंदा नुसता बर्फ तुडवायला ये, त्याला माणसं कमीच पडतात.