मोरीत मेंढी

प्रश्न : नमस्कार ताई. दिवाळीनंतर गावाला गेले होते, फलटणजवळ, तिथून ओळखीच्या मेंढपाळाकडून काळी लोकर घेऊन आले, दोनेक किलो असेल. टकळीवर कापूस कातायला येतो मला, आता लोकर कातून बघायचीये. पण पिशवी उघडली की घरभर वास, आत लेंड्या, काटे, कुसळं, सगळंच. व्हिडिओत सगळे ६० डिग्रीचं पाणी आणि तीन-तीन वेळा साबण सांगतात. मी मूठभर लोकर नळाखाली धरून साबण लावून मस्त चोळून धुतली तर तिचा घट्ट गोळाच झाला, सुटतच नाहीये. वन बीएचके आहे, बाल्कनी नाही. काय चुकलं आणि उरलेल्या लोकरीचं काय करू?
— एक वाचक, दादर

उत्तर : चोळलीत, तिथेच चुकलं. पण वाईट वाटून घेऊ नका हो, माझी पहिली खेप याहून भारी होती, मी तर टबात घालून गोधडी तुडवतात तशी पायाने तुडवली होती, वर गाणी ऐकत, आणि अर्ध्या तासाने बघते तर भाकरीएवढा एकसंध तुकडा, तो अजून आमच्याकडे गरम पातेल्याखाली ठेवायला वापरतो. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात, डोळ्याला दिसत नाहीत, पण पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत म्हणजे नाहीतच, कंडिशनर लावा नाहीतर नवस बोला. आपल्याकडे जेन (न विणता, लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण) बनवतात ते याच गुणावर, माग नाही, ताणा-बाणा नाही, पिंजलेली लोकर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळून दाबत राहायचं. तर तुम्ही नळाखाली मूठभर जेन बनवलंत. तो गोळा टाकू नका, सुया टोचायला छान होतो.

आता व्हिडिओचं. ते बहुतेक मेरिनो किंवा तसल्या परदेशी मेंढीची लोकर धूत असतात. तुमची फलटणची काळी लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची असणार आणि या दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेरिनोचा केस १८ ते २४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या दख्खनीचा त्याच्या दुप्पट तरी जाड. एक मेरिनो वर्षाला चार-पाच किलो लोकर देते, आपली मेंढी अर्धा-पाऊण किलो, आणि वर्षातून दोनदा कातरून. सगळ्यात मोठा फरक तेलाचा. मेरिनोच्या अंगावर इतकं मेणचट तेल असतं की धुतल्यावर वजन जवळपास निम्म्यावर येतं. दख्खनीत ते फारच कमी. शिवाय आपल्याकडे बरेच मेंढपाळ कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात नाहीतर नदीत घालून धुऊन घेतात, म्हणजे पहिली धुलाई मेंढीच्या अंगावरच झालेली असते. म्हणून तीन-तीन वेळा साबण वगैरे तुम्हाला लागणारच नाही. एकदा, फार तर दोनदा.

पाण्याला हात लावायच्या आधी निवडायला बसा. तांदूळ निवडतो तसंच. जुने पेपर पसरा, खिडकीपाशी बसा, तोंडाला मास्क लावा, कारण धूळ खूप उडते (इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत कच्ची लोकर निवडणाऱ्या कामगारांना अँथ्रॅक्स व्हायचा, त्या आजाराला नावच लोकर निवडणाऱ्यांचा आजार असं पडलं होतं, घाबरवत नाहीये पण हाताला जखम असेल तर हातमोजे घाला). लेंड्या चिकटलेले झुबके सरळ कात्रीने कापून टाका, तिथे कंजूषपणा करू नका. गोखरू आणि कुसळं आत्ताच वेचा, ओल्या लोकरीतून काढणं म्हणजे शिक्षा. एखादी मेलेली गोचीडही निघेल. मग मूठ-मूठ घेऊन झटका. खरं सांगू, निम्मी स्वच्छता इथेच होते आणि नेमका हाच भाग सगळे टाळतात.

मग एक रात्र साध्या थंड पाण्यात. साबण नाही, काही नाही. मेंढीचा वाळलेला घाम असतो ना लोकरीवर, त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते गार पाण्यात आपोआप विरघळतात. सकाळी पाणी चहापेक्षा गडद असतं. हे पाणी मी फेकत नाही, त्यात दुप्पट-तिप्पट साधं पाणी घालून कुंड्यांना देते, जास्वंदीला मानवतं. तुळशीला मात्र आमच्या सासूबाई घालू देत नाहीत, लेंड्यांचं पाणी म्हणे, आणि मी वाद घालत नाही.

आता गरम पाण्याची पाळी. एका वेळी पाव किलोच घ्या, १५ लिटरचा गीझर असेल तर तेवढीच झेपते. जाळीच्या पिशवीत लोकर सैल भरा, फ्रीजमध्ये भाजी ठेवायच्या चेनवाल्या पिशव्या मिळतात त्या चालतात, पण ठासून नाही, आत लोकरीला हलायला जागा हवी. पाणी ५० अंशांच्या आसपास पुरे तुमच्या लोकरीला. थर्मामीटर नसेल तर हिशोब सोपा आहे, मुंबईत नळाचं पाणी असतं २७-२८ अंशांचं, त्यामुळे एक भाग उकळतं आणि एक भाग नळाचं मिसळलं की साठीच्या जवळ जातं, थोडं थांबलात की पन्नाशीत. आधी बादलीत पाणी, त्यात साबणाचं लिक्विड मिसळून घ्या आणि मग पिशवी वरून अलगद सोडा. उलटं कधीच नाही, म्हणजे लोकर खाली आणि वरून नळ सोडला असं करू नका, ती धार म्हणजेच चोळणं. हातमोजा घालून पिशवी पाण्याखाली दाबायची, बुडली की हात काढून घ्यायचा. वीस मिनिटं ढवळायचं नाही, उलटायची नाही, मध्येच बघायची नाही. मला माहितीये हे सगळ्यात कठीण आहे, आपल्याला कपडे घासायची सवय असते, स्वच्छ म्हणजे खसखसून असं डोक्यात बसलेलं असतं. पण इथे काम पाणी करतं, आपण नाही.

पाणी कोमट व्हायच्या आत पिशवी उचला. लोकरीचं मेण चाळिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळतं, पाणी त्याखाली गेलं की ते परत लोकरीवर जाऊन बसतं आणि अशी चिकट लोकर मग पिंजताना रडवते. पिशवी निथळू द्या, पिळू नका, आणि खळबळायचं पाणीही साधारण तेवढंच गरम घ्या, एकदम गार पाण्यात टाकली तरी ती आक्रसते. अशी दोन पाणी. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातलं की राहिलेला साबण सुटतो. दादरला तुम्हाला महापालिकेचं पाणी येत असणार, तानसा-भातसाकडचं तलावाचं, ते मऊ असतं म्हणून त्रास नाही, पण सोसायटीत टँकर नाहीतर बोअरिंगचं येत असेल तर व्हिनेगर चुकवू नका.

लिक्विड कुठलं? लोकरीच्या कपड्यांचं ईझी वगैरे मिळतं ते, नाहीतर भांड्यांचं लिक्विडसुद्धा चालतं. धुण्याचा सोडा नको, डाग घालवणारी पावडर नको. त्या पावडरींत एन्झाइम असतात, ते प्रोटीन खातात, आणि लोकर म्हणजे प्रोटीनच की, आपल्या केसांसारखं. ब्लीचचं तर नावच काढू नका, त्यात लोकर चक्क विरघळते.

एक गोष्ट शपथेवर सांगते, गरम पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतू नका. एकदा एक मैत्रीण हिमाचलहून मेरिनो क्रॉसची लोकर घेऊन आली होती, ती मी हौसेने धुतली आणि मेणाचं पाणी दिलं सिंकमध्ये सोडून, पाइपात जाऊन ते गार झालं आणि मेणबत्तीसारखं गोठलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या सिंकमधून मेंढीच्या वासाचं पाणी वर आलं, संकष्टीच्या दिवशी, त्या मोदक करत होत्या. प्लंबरने साडेचारशे रुपये घेतले आणि काकूंनी पंधरा दिवस बोलणं टाकलं. तेव्हापासून ते पाणी मी बादलीतच गार करते, वर तवंग धरतो तो पेपरने टिपून कचऱ्यात टाकते आणि मग मोरीत सोडते, जाळी लावून. दख्खनीला तवंग नावालाच येईल तरी सवय ठेवा. (गंमत म्हणजे या मेणालाच लॅनोलिन म्हणतात, क्रीममध्ये घालतात, आणि ड जीवनसत्त्वाच्या बऱ्याच गोळ्या यापासूनच बनतात. काकूंना हे सांगितलं होतं, काही फरक पडला नाही.)

वाळवायला बाल्कनी नसली तरी चालतं. वॉशिंग मशीनमध्ये जाळीच्या पिशवीसकट नुसता स्पिन मारा, पाणी न घेता, दोन मिनिटं. मग पिठाच्या मोठ्या चाळणीवर नाहीतर स्टँडवर जुनी मच्छरदाणी टाकून त्यावर पातळ पसरा आणि पंखा लावा. वरून हाताला कोरडी लागेल पण फसू नका, लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल आत लपवते आणि कोरडीच वाटते. मी किचनच्या काट्यावर वजन करते, सलग दोन दिवस तेच वजन आलं की वाळली.

आणि अगदी खडखडीत कोरडी, तेलाचा अंश नसलेली लोकर कातायला जाऊ नका, तुटते. पिंजायच्या आदल्या दिवशी पाण्यात दोन-चार थेंब तेल घालून फवारा, मग पेळू (कातायला वळलेली पिंजलेल्या लोकरीची गुंडाळी) वळा. तुमच्याकडचे जे झुबके मुळातच स्वच्छ निघतील ते तर मी तसेच न धुता कातेन आणि सूत झाल्यावर लडी करून धुवेन, लडीत दोरे जागच्या जागी असतात त्यामुळे गुंता होत नाही. दोन्ही करून बघा, पाव-पाव किलो.

प्रश्न : ताई, रिठ्याने धुतली तर चालेल का? माझी आई लोकरीचे स्वेटर आणि पैठणी रिठ्यानेच धुवायची. केमिकल नको वाटतं.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : चालेल की. आईंचं बरोबर होतं, रिठा लोकर आणि रेशीम दोन्हीला सौम्य. दहा-बारा रिठे फोडून बिया काढून रात्री भिजत घाला, सकाळी उकळा आणि गाळून घ्या, गाळताना जुना सुती पंचा वापरा, गाळण्यातून बारीक साल जाते आणि ती लोकरीत बसली की तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल. फक्त पांढऱ्या लोकरीवर हलकी तपकिरी छटा येते. काळ्या लोकरीला काय फरक पडतो म्हणा. मेंढीला जास्त तेल असेल तर मात्र एकट्या रिठ्याने भागत नाही, तिथे मी हट्ट करत नाही, लिक्विड घेते. आणि नैसर्गिक आहे म्हणून चोळली तरी चालेल असं नाही हं, रिठ्यातही गोळा होतोच, ते माझ्या बहिणीने सिद्ध करून दाखवलंय.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात धुतलेली लोकर कपाटात ठेवली होती, पावसाळ्यात वास परत आला आणि आता त्यात कसर लागलीये. फेकू का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : फेकू नका. ओल्या हवेत थोडा मेंढीचा वास येणारच, जुलैत माझ्या स्वेटरलासुद्धा येतो, पण जोरात येत असेल तर धुताना घाम नीट निघाला नव्हता, परत एक रात्र गार पाण्यात घाला. त्याआधी कसरीचं बघा. घामट, मळकी लोकर तिला जास्त आवडते. भुरभुरीत झालेले झुबके काढून टाका, उरलेली लोकर हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे अंडी-अळ्या मरतात. आमच्याकडे ती मटणाच्या डब्याशेजारी असते आणि नवरा दर वेळी पिशवी उघडून नाक मुरडतो. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवा, लोकर खोलीएवढी गरम झाली की मग उघडा, नाहीतर आत दव धरतं. नंतर धुऊन, वाळवून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.