'हाय नून'मध्ये भ्रष्टाचार नेमका कुठे आहे?

तुम्ही विचारलंय की 'हाय नून' या अमेरिकन वेस्टर्नला लोक सडलेल्या गावासमोर एकट्या उभ्या राहणाऱ्या मार्शलचा, म्हणजे गावच्या पोलिसप्रमुखाचा सिनेमा म्हणतात, पण त्यात तर फक्त चार गुंड आहेत, लाच खाताना कोणी दिसतच नाही, मग भ्रष्टाचार कुठाय?

चर्चचा सीन परत बघा. केनने तुरुंगात धाडलेला खुनी गुंड फ्रँक मिलर सूड घ्यायला दुपारी बाराच्या गाडीने येतोय, त्याचे तिघं साथीदार स्टेशनवर बसलेत, आणि त्याच सकाळी लग्न करून नोकरी सोडलेला मार्शल विल केन, म्हणजे नट गॅरी कूपर, माणसं मागायला चर्चमध्ये येतो. वादावादी होते, एकजण म्हणतो मार्शलचे पैसे आम्ही भरतो ते कशासाठी. मग हेंडरसन उठतो, केनचा दोस्त. आधी केनचं तोंडभरून कौतुक करतो, आपल्याला वाटतं आता हा सगळ्यांना उठवणार, आणि तिथूनच तो वळतो. उत्तरेकडचे लोक इथे पैसा लावायच्या विचारात आहेत, दुकानं येतील, कारखाने येतील, रस्त्यात मुडदे पडल्याचं त्यांनी वाचलं तर सगळं फिसकटेल, म्हणून विल, तू निघून जा. सगळं चर्च गप्प. एक रुपया हातात न घेता आख्खं गाव विकलं गेलेलं असतं आणि बोलणारा माणूस मनापासून गावाचं भलं बघतोय, म्हणून तो सीन मला मिलरपेक्षा जास्त घाबरवतो.

आणि गंमत नाही, खरंच लक्ष द्या, मिलरची फाशी आधी जन्मठेप केली आणि मग त्याला सोडूनही दिलं तेही उत्तरेतल्याच लोकांनी. पैसाही तिकडचा, गुंडही तिकडूनच सुटून आलेला.

बाकीचे पण तसेच. हॉटेलचा क्लार्क केनच्या बायकोला तोंडावर सांगतो की मिलर होता तेव्हा धंदा बरा चालायचा. मिलरला शिक्षा देणारा जज भिंतीवरचा झेंडा काढतो, न्यायाचा तराजू पिशवीत भरतो आणि सरळ गाव सोडतो. केनच्या हाताखालच्या डेप्युटी हार्वीला मार्शलपद हवंय, मिळत नाही म्हटल्यावर तो बिल्ला काढून ठेवतो.

हे सगळं सिनेमाचा लेखक कार्ल फोरमन स्वतः भोगत होता. 1951 मध्ये सिनेमा बनत असतानाच कम्युनिस्ट शोधणाऱ्या अमेरिकेच्या संसदीय समितीने त्याला बोलावलं, त्याने दुसऱ्यांची नावं द्यायला नकार दिला, हॉलिवूडने ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे काम देणं बंद केलं, आणि तो इंग्लंडला गेला. 1952 ला सिनेमा आला, कूपरला ऑस्कर मिळालं.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हा सिनेमा अजिबात पटला नव्हता, चांगला मार्शल असा दारोदार मदत मागत फिरत नाही म्हणून त्याने 1959 मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. तोही जबरदस्त आहे, जरूर बघा, पण हॉक्सचं म्हणणं मला पटत नाही. केन दारोदार फिरला नसता तर गावातल्या एकाचाही हिशोब आपल्याला कळला नसता.